रांजणाचं कुलूप

मंडळी, ऐका! आज पुराणातलं आख्यान नाही, सोलापूरकडच्या एका कॉलनीतलं आहे. पण आधी एक प्रश्न. तुम्ही पाणपोई घातली. वर पाटी लावली — 'तहानलेल्यांसाठी'. छान! आता सांगा, तहानलेला कोण, हे ठरवायचं कुणी? त्याच्या घशानं, की पाटी लावणाऱ्यानं?

काय माना डोलवता! सोपं वाटतंय ना? मंदाकिनीबाई होनरावांनाही सोपंच वाटलं होतं.

बाई कॉलनीत मोठ्या मानाच्या. यजमान गेले ते ऐन उन्हाळ्यात, दवाखान्यात. ऑपरेशन झालेलं. सारखे म्हणायचे, "मंदा, घोटभर पाणी दे गं!" डॉक्टरांनी नको म्हटलेलं. बाईंनी दिलं नाही. आणि ते गेले — तसेच, कोरड्या ओठांनी! काय झालं असेल हो त्या माउलीला? म्हणून तिनं फाटकाबाहेर रांजण ठेवला. वाळा घातलेलं गार पाणी. रोज स्वतः भरायची.

समोर उड्डाणपूल. तो बांधायला परगावाहून माणसं आली होती. पूल झाला, काम संपलं, गावाकडं काही उरलं नव्हतं. ती पुलाखालीच राहिली. बघा हं — ज्यांनी बांधला ते पुलाखाली, ज्यांनी फीत कापली ते पुलावरून भुर्रकन!

हसू नका, कॉलनीचंही ऐका. त्रास होता, खोटं कशाला बोलू? फुटपाथभर ताडपत्र्या. चुलीचा धूर थेट गॅलरीत. कोपऱ्याकोपऱ्यात घाण. म्हातारी माणसं फिरायला निघाली की भर रस्त्यातून चालायची. एक आजोबा रिक्षाखाली येता येता वाचले. पण त्या बायामाणसांना उघड्यावर बसायची हौस होती का हो?

त्यातली एक मल्लव्वा. रोज दुपारी घागर घेऊन रांजणाशी हजर. मागून वाटसरू यावा, तर रांजण कोरडा ठणठणीत! बाई खवळल्या.

"अगं, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे! घागरी भरून नेतेस, लाज नाही वाटत?"

"प्यायलाच न्हेते, बाई. सासरा हातरुणाला खिळलाय. त्येला हितवर कसा आणू?"

"एका सासऱ्याला अख्खी घागर लागते?"

त्या घागरीवर पुलाखालची सगळी पोरंबाळं होती, पण सांगून ऐकणार कोण? बाईंनी झाकणाला कडी बसवली, कडीला कुलूप. दिवसा वॉचमन माणूस बघून पेला देणार — तोही साखळीला बांधलेला! रात्री किल्ली बाईंच्या देव्हाऱ्यात. म्हणजे बाळकृष्णाला नवी नोकरी लागली, किल्ली राखायची!

मग मल्लव्वानं काय केलं? पेल्यातलं पाणी पदरावर ओतून घ्यायची, तो ओला पदर सांभाळत पळायची आणि म्हाताऱ्याच्या तोंडात पिळायची. बाईंनी गॅलरीतून पाहिलं. डोळे पुसले त्यांनी! पण डोळे पुसून कुलूप थोडंच निघतं? गॅलरीचं दार लावून घेतलं.

पुढं कॉलनीनं महापालिकेकडं तक्रार केली. बोलायला पुढं कोण? बाईच! मानाच्या ना. आणि एका सकाळी, वॉचमन यायच्या आतच, ट्रक आला. ताडपत्र्या, भांडी, माणसं, सगळं भराभर वर चढलं. म्हाताऱ्याला गोधडीसकट उचलून ठेवलं. मल्लव्वा धावत फाटकाशी आली.

"बाई, लांब न्हेत्यात आमाला. म्हातारा पानी पानी करतोय. घोटभर द्या!"

पानी पानी करतोय! मंडळी, बाईंच्या कानात कुणाचा आवाज घुमला असेल? रांजणाला कुलूप. किल्ली वर, देव्हाऱ्यात.

"थांब, आणते!" म्हणाल्या आणि जिना चढल्या. कठडा धरून, एकेक पायरी. किल्ली घेतली. उतरल्या. कुलूप काढलं, पेला भरला, तो तसाच घेऊन वळल्या — साखळीनं हिसका दिला. पाणी सगळं सांडलं. वर बघतात तो मल्लव्वाला घेऊन ट्रक गेलेला.

आठवड्यानं अक्षय्यतृतीया. पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला कुंभ द्यायचा दिवस. बाईंनी नवा माठ भरला, भटजींना म्हणाल्या, "गुरुजी, हा मला तहानलेल्याच्याच हातात द्यायचाय." आणि माठ कडेवर घेऊन निघाल्या. कॉलनीत दारोदार फिल्टर! "अहो काकू, आम्हाला कशाला?" पुलाखाली गेल्या. फुटपाथ स्वच्छ, मोकळा. धूर नाही, घाण नाही. कॉलनीला हवं होतं अगदी तस्सं! बाई तिथंच बसल्या, माठ मांडीवर घेऊन. ऊन डोक्यावर आलं, घसा कोरडा पडला. पण नवऱ्याच्या नावाचं पाणी, स्वतः कसं प्यायच्या? संध्याकाळी कॉलनीतल्या ज्यांना पुलाखाली दिसल्या, त्यांनी 'आलं पुन्हा कुणी राहायला' म्हणून तोंड फिरवलं.

ट्रक कुठं गेला, म्हाताऱ्याच्या घशाखाली घोट उतरला की नाही, कुणाला ठाऊक नाही. बाई अजून विचारत फिरतात. मी कुठून सांगू?

आता तुमच्याकडं वळतो. चुळबुळू नका! तुमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं येऊन राहिली, त्रास होईल. तक्रार जरूर करा. त्यांना जागा द्या, संडास द्या, असंही त्याच तोंडानं ओरडून सांगा. पण तोवर कुणी ओंजळ पुढं केली, तर त्या ओंजळीचा गाव विचारत बसू नका. आणि 'थांब, आणते' तर म्हणूच नका. जवळ असेल ते तिथल्या तिथं द्या. ट्रक थांबत नाही हो, मंडळी!

टाळ हळू घ्या रे. आपल्या दारावरून कोरड्या तोंडानं गेला, त्या नारायणाला हात जोडा.