कोंडीच्या वाटेवरची ठकठक

ऐका. जवळ सरका सगळे, आणि ते दार लोटून घ्या. वारा खाडीकडचा आहे.

प्रणिताला काय वाटलं होतं? वाटलं होतं, आपण गावात पाऊल टाकू आणि बायका गोळा होतील. कोचीला चार वर्षं मासळीचं शास्त्र शिकून आलेली पोर! अंडी धरलेली कुर्ली, म्हणजे खेकडी, पकडायची नाही, बारकी दिसली की सोडायची, हंगाम पाळायचा, बायकांचा गट करायचा... वहीभर लिहून आणलं होतं. आणि दिसलं काय? अठरा घरं, चौदांना कुलूप. माणसं मुंबईला. कुर्ल्यांना जाणारं कुणी उरलंच नव्हतं. तिनं सभा बोलावली, तर आली एकटी शेजारची सुभद्राकाकी. तीही कोंबडी शोधत आलेली.

बाप असता तर पहिला येऊन बसला असता. पण दामू दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो गेलाच. पोर तिकडे परीक्षेत. तिला निरोप पोचला तोवर शोधाशोधही थांबली होती.

तर मार्गशीर्षातली तीज. तिनं मनाशी घेतलं, उद्या डबाभर कुर्ल्या गावासमोर ठेवते, मग चार घरं तरी उठतील. बापाचा पत्र्याचा डबा घेतला, बिळातून कुर्ली ओढायची आकडी घेतली, आणि दिवेलागणीनंतर निघाली. काकी ओट्यावर.

"कुठं गो, या वेळी?"

"कुर्ल्यांना. तीज आहे, सव्वाआठला पुरी ओहोटी."

"हिशेब बरोबर. सोबत कोण?"

"बॅटरी आहे की."

"बॅटरी बोलते काय गो?"

"मग तू चल ना, काकी."

"माझे गुडघे बघ. आणि माझी जाऊ शेवंता गेली तेव्हापासून मी डब्याला हात लावला नाही. जायचंच तर बांधावरनं जा. कोंडीच्या, त्या खोल डोहाच्या, वाटेनं नको. आणि एकटी आहेस, डबा वाजवू नकोस."

"काकी, मी शिकलेली आहे."

"पाण्यातलं भूत ते, गिऱ्हा काय कितवी झालीस ते विचारतो?"

आता हे डबा वाजवणं काय, ते समजून घ्या. तिवरांच्या रानात दोघं जातात तेव्हा नावानं हाक मारत नाहीत. पुढचा डब्यावर आकडी मारतो, दोनदा. ठक ठक. मागचा एकदा. ठक. म्हणजे मी आहे. प्रणिता सात वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या मागे असायची. तो दोन, ही एक. पण एकट्यानं वाजवायचं नाही. कुणी नसताना विचारलंत, तर कुणीही उत्तर देईल!

शिकलेली पोर, कोंडीच्याच वाटेनं गेली. जवळची ना ती!

चिखल घोट्यापर्यंत. तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली, बोटांसारखी. चंद्राची कोर बुडायला आलेली. स्वतःच्याच पायांचा आवाज, चपक, चपक. पहिलं बीळ रिकामं. दुसरं रिकामं. तिसरं रिकामं. आणि तिला एकदम वाटलं, आपण या गावात, या खाडीत, या अख्ख्या जगात एकट्या आहोत. रडू नाही आलं हो. नुसता हात हलला. जुनी सवय.

ठक ठक.

खाडी गप्प.

मग मागून, अगदी मागून... ठक.

पळाली असेल म्हणता? छे! तिला बरं वाटलं. कुणीतरी आलं! काकीच आली असणार. तिनं पुन्हा वाजवलं, पुन्हा उत्तर आलं. घड्याळ पाहिलं, सव्वाआठ. पुढच्या बिळात ही एवढी कुर्ली! त्याच्या पुढच्यात दोन! चालत गेली, चालत गेली. घड्याळ पाहिलं. सव्वाआठ.

मग ठकठक मागून यायची थांबली. आणि पुढून आली. दोनदा. ठक ठक.

ती चाल बापाची. दुसरा ठोका जरा उशिरा, हात दुखत असल्यासारखा. दामूचाच हात! ऊर भरून आला पोरीचा. तिनं काय केलं? एक वाजवला. मी आहे, बाबा.

पुढून ठक ठक. इकडून ठक. पुढून ठक ठक. इकडून ठक. पाणी पोटऱ्यांना, पाणी गुडघ्यांना. आणि आता बिळात हात घालायला नको, कुर्ल्या आपणहून येतायत! उजेडात डझनांनी, तिरक्या तिरक्या, पायांवरून. पोटाशी अंडी धरलेल्याही. तिनं त्याही डब्यात टाकल्या. वही कुठली आणि शास्त्र कुठलं!

एक कुर्ली तिच्या बोटाला डसली. कळ मस्तकात गेली, आणि कळेबरोबर बापाचं एक वाक्य वर आलं. दर खेपेला म्हणायचा तो. "कुर्ली बिळातून आपणहून बाहेर आली की आपण खाडीतून बाहेर. भरती लागली."

भरती!

बाप तिला भरतीत पुढे बोलावेल? मेला तरी बोलावेल?

समोर कोंडीचं काळं पाणी, पुरुषभर खोल. त्याच्या मधोमध, जिथं माणूस उभाच राहू शकत नाही, तिथून... ठक ठक.

तिनं डबा उपडा केला. कुर्ल्या पाण्यात, डबाही पाण्यात, आकडी तेवढी कमरेला खोचली. बॅटरी विझवली, दिशा भुलवणारा उजेड नको. पाणी पायांना कुठं ढकलतंय ते पाहिलं. भरतीचं पाणी जमिनीकडेच जाणार ना! त्याच्या रेट्याबरोबर निघाली. पाणी मांड्यांना. पाणी कमरेला. मागून ठक ठक. जवळून ठक ठक. कानाशी! मग बापाच्या आवाजात, "पनू, एकदा तरी वाजव गो." तिनं दात आवळले. पुढे, पुढे. शेवटी बांधाचे दगड हाताला लागले.

वर चढली तेव्हा मागून नुसता एकच ठोका आला. बारीक. लहान पोरीनं वाजवावा तसा. त्याला उत्तर न देणं तिला सगळ्यात जड गेलं, हे तिनं मागाहून सांगितलं.

म्हणून सांगतो, कोंडीच्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. आणि कितीही एकटं वाटलं तरी तिथं डबा वाजवू नका. तिथं जे आहे तेही एकटंच आहे.

सकाळी साडेसहाची मुंबईची गाडी फाट्यावर थांबली, हॉर्न वाजवून गेली. प्रणिताची बॅग भरलेली होती, रात्री खाडीतून परतल्यावरच भरलेली. ती उठली. पिठाचा डबा परातीत रिकामा केला, पुसला. मग काकीच्या माळ्यावर चढून शेवंताचा डबा खाली काढला, कोळिष्टकं झाडली, आणि काकीच्या पुढ्यात ठेवला.

"आज चवथ. सकाळी पावणेनऊला ओहोटी, तीही दिवसाउजेडी. बांधावरनंच जाऊ."

"अगो, माझे गुडघे..."

"तू बांधावर बस. मी खाली उतरते." तिनं शेवंताच्या डब्यातली आकडी काकीच्या हातात दिली. "मी दोन वाजवीन. तू एक वाजव."