समुद्राला लागलेला दिवा

...मान खाली घ्या, साहेब. हां, अशी. वडील गेले नि रजा मिळाली नाही, यात लाजायचं काय? इथं आखातात, या बरक्यात, अशी कितीकांची डोकी केली मी. अस्थी तिकडे भाऊ सोडतोय ना? मग झालं. इथं सोडायच्या म्हटल्या तर नदी कुठाय? वादी म्हणतात इथल्या ओढ्याला, ती ही अशी कोरडी ठणठणीत.

तो फोटो होय, आरशावरचा? हिरोशिमा. माझा साई तिथं कुक होता, इंडियन हॉटेलात. भर शहरातनं नदी जाते — ड्यूटी सुटली की काठावर बसून फोन करायचा, बाबा, हिला भरती येते, आपल्या खाडीसारखी. ओहोटीला चिखल उघडा पडतो म्हणायचा. खाडीकाठचं पोर, जपानात जाऊन खाडीच सापडली त्याला. चौदा साली तापानं गेला. मी इथं. अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, म्हणाला, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात जा — मढं महिनाभर थांबतं का? त्याच्या खोलीतल्या गुरुदत्तनं अग्नी दिला. पण नदीत अस्थी सोडू देईनात. मग ऑगस्टात तिथली माणसं बॉम्बमध्ये गेलेल्यांसाठी नदीत कागदी दिवे सोडतात ना — मीच सांगितलं त्याला, एका दिव्याच्या तळाशी राखेची पुडी ठेव. ठेवली. व्हिडिओ पाठवला. दिवा पुलाखालून गेला, लांब, दिसेनासा झाला. मी जयवंतीला, त्याच्या आईला, कळवलं, पोर समुद्राला लागलं. तेव्हापासनं ती गावी दर अमावास्येला धक्क्यावर त्याचं पान ठेवते — पाणी सगळं एकच, म्हणते, कधीतरी येईल आपल्या खाडीत. पान ठेवलं की मला फोन करते. आजही करील. त्या एका गोष्टीवर जगतेय ती. मी तरी दुसऱ्या कशावर जगतोय?

हलू नका, वस्तरा आहे. तुम्ही गेलायत हिरोशिमाला? ट्रेनिंगला? मग दिवे बघितले असतील —

गोळा करतात? कोण? होड्या लावून... नदी घाण होते म्हणून. सगळे? एखादा सुटत असेल ना, साहेब, ओहोटी जोरात असली तर... नाही. आणि मग काय करतात त्यांचं?

जाळतात.

एकदा जाळलाय हो त्याला.

उठा. अर्धं राहिलंय, दिसतंय मला. शेजारच्या दुकानात प्रताप आहे, तो करून देईल. माझा हात नाही चालायचा आता. खलास. जा तुम्ही —

तो फोन राहू द्या तिथंच. वाजू दे.