मंजूर न झालेला राजीनामा

वडील: फोनवर नको विचारूस. लोक बसलेत इथे.

लेक: मग बाहेर या, बाबा. पेपरचं पहिलं पान छपाईला सोडायचंय आणि ते तुमच्या नावापाशी येऊन अडलंय.

वडील: त्यात अडण्यासारखं काय? पूल पडला, मंत्र्याने राजीनामा दिला. लिहा.

लेक: दिलात. मंजूर झाला का? आमच्या इंग्रजी पेपरचा नियम आहे, पदावर असाल तर नावाआधीच्या ‘मिनिस्टर’चं पहिलं अक्षर मोठं. पद गेलं की ‘माजी’, आणि सगळं लहान.

वडील: मग आज मोठंच ठेव.

लेक: म्हणजे मंजूर नाही झाला.

वडील: मुख्यमंत्रीसाहेबांनी पत्र खिशात घातलंय. म्हणतात, संध्याकाळपर्यंत मागे घे, चार दिवसांत लोक विसरतात.

लेक: आणि तुम्ही?

वडील: माझं तळ्यात-मळ्यात चाललंय. आयुष्य घासलं तेव्हा हे खातं मिळालं, पोरी.

लेक: इंजिनिअर सांगत होते, पूल बंद करा. तुम्ही म्हणालात, निवडणूक होऊ दे. आपल्याच टेबलावर. मी तुम्हाला वाढत होते.

वडील: ते छापणार आहेस?

लेक: मी बातम्या आणत नाही, आलेल्या नीट करते. पण ऐकलं ते ऐकलं. त्याच पानावर पुलावर गेलेल्यांची यादी आहे. वर बसचा ड्रायव्हर, खाली शाळेच्या बाई. त्यांच्या कामाला मोठं अक्षर नाही. दुपारपासून मीच लहान करत बसलेय. मला तुमची लाज वाटतेय, बाबा. आणि काळजीही.

वडील: जेवलीस का?

लेक: विषय बदलू नका.

वडील: समज, मी म्हणालो की मागे घेणार नाही. आणि ते छापून आलं. मग?

लेक: मग साहेबांना पत्र खिशातून काढावंच लागेल. आणि तुमचे परतीचे दोर कापले जातील.

वडील: कापले जाऊ देत. घे लिहून.

लेक: मी नाही. संपादकबाई शेजारीच आहेत, फोन स्पीकरवर टाकते. त्यांना सांगा.

वडील: नमस्कार, बाई. लिहा. पूल बंद करायला मला सांगितलं होतं. मी केला नाही. राजीनामा मागे घेणार नाही.

लेक: बाबा... पहिली दोन वाक्यंसुद्धा? वकिलांशी बोललात का?

वडील: त्यांच्याशी बोललो असतो, तर तुमच्याशी बोललो असतो का?

लेक: बाई विचारतायत, या वाक्यांखाली तुमच्या नावाआधी काय घालायचं? मंजुरी नाही, म्हणजे नियमाने तुम्ही अजून मंत्रीच. मोठ्या अक्षराने.

वडील: नुसतं नाव घाला.