फोनवरचा ‘तू’

…तर माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! नाही, सांगाच! भावजय रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहते, फोन कानाला, तोंडावर हात, खुसुखुसु हसते आणि म्हणते, ‘तू ना, अगदी वेडाच आहेस!’ आणि त्या वेळी तिचा नवरा बसमध्ये लोंबकळत असतो! मग सख्ख्या नणंदेनं काय समजायचं? टाळ्या वाजवायच्या?

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी शिवणकाम करते. आमचे हे गेल्यापासून दादाच्या घरी मागच्या खोलीत राहते. मशीन खिडकीशी आहे, खिडकी गॅलरीत उघडते, त्याला मी काय करू? ऐकू येतं! मशीन थांबवलं की जास्त ऐकू येतं, एवढंच.

दादा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढतो. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना दोन बस, येताना दोन बस, मध्ये पुलावर ताटकळणं… माणूस सकाळी कडक इस्त्रीचा जायचा आणि संध्याकाळी बोळा होऊन यायचा. आला की बूट काढायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. वहिनी म्हणायची, ‘अहो, चहा टाकू?’ ‘हं.’ ‘अहो, जेवायला वाढू?’ ‘हं.’ ‘अहो, बरं वाटत नाही का?’ ‘हं.’ तुम्हाला सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात सगळ्यात जास्त माझं मशीन बोलायचं.

बरं, दादाला विचारावं तर म्हणे, ‘प्रवासाचा कंटाळा येतो गं.’ आता कंटाळा कुणाला नाही? पण त्याच्या ऑफिसात एक शहाणा आहे, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. तो म्हणाला, ‘प्रवासात श्वासाचे व्यायाम करा, बघा कसे ताजेतवाने होता!’ झालं! आमचे दादासाहेब डोळे मिटून श्वास रोखून बसले, शेजारच्याला वाटलं हा गेला, त्यानं आरडाओरडा करून बस थांबवली आणि बाटलीतलं पाणी थेट तोंडावर! मग शब्दकोडं. उत्तर सुचायच्या आत मागून तिघं ओरडायची! मग परकी भाषा. कानात यंत्र घालून हा मोठ्यानं घोकतोय, ‘माझी मावशी सफरचंद खाते. तुमची मावशी सफरचंद खाते का?’ बाजूची बाई उठून थेट ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिली. कुणीही राहील!

शेवटी सगळे उपाय थकले, तेव्हा यानं वहिनीला फोन लावला. ‘बोल काहीतरी, कंटाळा आलाय.’ हे असं! नवरा बायकोला फोन करतो, तो कंटाळा आला म्हणून! मी असते तर आपटला असता. पण वहिनी बोलली. काय बोलली? तर खालच्या मजल्यावरच्या नळाचं वॉशर गेलंय. तो म्हणाला, ‘मग?’ घरात या माणसानं कधी ‘मग’ म्हटलं नव्हतं हो! ती बोलत राहिली आणि तो ‘मग? मग?’ करत घरी पोचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, ‘बोल काहीतरी, कंटाळा आलाय.’

हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मला फक्त गॅलरी दिसायची. आणि ऐकू काय यायचं? ‘नाही रे, ताई मशीनवर आहेत.’ ‘ए, तू जेवलास का दुपारी?’ जेवलास! अहो, वहिनीनं दादाला उभ्या जन्मात ‘तू’ म्हटलेलं नाही. झोपेतसुद्धा ‘अहो’ म्हणते, भिंतीतून ऐकलंय मी. मग हा ‘तू’ कोण? आणि हिंमत बघा, फोन ठेवला की जरा वेळात दादा दारात! आणि ही शांतपणे, ‘अहो, पाणी आणू?’ म्हटलं, काय बाई आहे का कोण!

मी किती दिवस गप्प बसणार? एका रविवारी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘दादा, मन घट्ट कर. वहिनी रोज कुणाशी तरी बोलते. त्याला “तू” म्हणते.’ दादा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग कानापर्यंत लाल झाला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, ‘अगं… तो मीच.’

आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! तो ‘तू’ म्हणजे आपलाच भाऊ, हे बहिणीला कसं कळावं?

मग वहिनीनंच सांगितलं सगळं. एकदा म्हणे पुलावर बस बंद पडली, फोन लागेना, अंधारून आलं, हिचा जीव टांगणीला. शेवटी फोन लागला तशी ही किंचाळली, ‘अरे, आहेस कुठे तू?’ आणि मग जीभच चावली. पलीकडे तो गप्प. हिला वाटलं, रागावले. तर तो हळूच म्हणाला, ‘पुन्हा म्हण ना.’

मला सांगताना वहिनी एवढीशी झाली होती. म्हणाली, ‘ताई, फोनवर ते वेगळेच असतात हो. लहानपणी विहिरीला घाबरायचे, तेसुद्धा सांगितलं. माझी आई गेली तेव्हा माझ्याशी काय बोलावं ते कळलं नाही, म्हणून गप्प राहिलो, म्हणाले. इतक्या वर्षांनी! मी गॅलरीत उभी राहून रडले.’ मी पण रडले, खोटं कशाला सांगू? मला तर आता ‘अहो’ म्हणायलाही कुणी उरलेलं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी मी मशीन मुद्दाम जोरात चालवायला लागले.

आणि अशात काय व्हावं? ऑफिसला नवी इमारत मिळाली! कुठे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी! घरातून निघाला की ऑफिसात! जो तो अभिनंदन करतोय, ‘सुटलात बुवा!’ शेजारी म्हणतात ‘सुटलात’, दूधवाला म्हणतो ‘सुटलात’, तो शहाणासुद्धा म्हणाला ‘सुटलात’. आणि वहिनी दारात उभी, चेहरा असा, जशी कुणाची तरी वाईट बातमी आलीय.

दादा उजेडातच घरी यायला लागला. बूट काढायचा. टीव्ही लावायचा. ‘अहो, चहा टाकू?’ ‘हं.’

बरं, दोघांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दादा आतल्या खोलीत गेला, दार लावलं, फोन लावला, ‘बोल काहीतरी, कंटाळा आलाय.’ वहिनी स्वयंपाकघरात. पण दार पातळ! फोनवरचा आवाज आधी की दारातला आधी, काही कळेना. दोघं हसली, मग ओशाळली, मग फोन ठेवून दिले. वहिनी समोर बसून ‘तू’ म्हणायला गेली, तर तोंडातून ‘तु… म्ही’ असं बाहेर पडलं. दादा म्हणाला, ‘राहू दे.’ त्या रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘ताई, आमचे हे रोज लवकर घरी येतात. पण तो येतच नाही हो.’

मी हातातली सुई गादीत खोचली.

मी गप्प बसणारी आहे का? दुसऱ्या दिवशी दोघांसमोर म्हटलं, ‘मग जा ना लांब राहायला!’ चिडून म्हटलं हो! बोलण्यात म्हणतो आपण! तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली… आणि पुढच्या आठवड्यात घर दाखवणाऱ्या एजंटपुढे! एजंट म्हणतो, ‘ऑफिसच्या अगदी जवळ आहे एक, चालत जाल.’ दादा म्हणतो, ‘लांबचं नाही का?’ ‘आहे, पण तिथून दोन बस बदलाव्या लागतात, पुलावर कायम खोळंबा…’ वहिनी म्हणते, ‘तेच दाखवा!’ त्या माणसानं आधी दादाकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होते.

गेली दोघं. मलाही म्हणाली चल, पण माझी गिऱ्हाइकं सगळी इथली, मशीन घेऊन कुठे जाऊ? निघताना वहिनीनं मला घट्ट धरलं. दादा म्हणाला, ‘लांब गेलो म्हणून काय झालं? संध्याकाळी फोन करत जा की!’

करते ना! संध्याकाळी मशीन बंद केलं की घर अंगावर येतं, म्हणून करते. दादाला लावते, व्यस्त. वहिनीला लावते, व्यस्त. असणारच! मग ती फोनमधली बाई येते, ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर बोलत आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ एक दिवस चुकत नाही हो, रोज बोलते माझ्याशी… पण तीसुद्धा मेली, मला ‘आपण’ म्हणते!