गोधडीतला बर्फ

सन्माननीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, पालक आणि मागं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सातवीच्या मुलांनो,

आत्ताच आपण सगळे माझ्या निवृत्तीच्या निमित्तानं माझ्याविषयी फार चांगलं बोललात. ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. राग मानू नका. पावसाळ्यात आमचे हे गेले, तेव्हापासून सगळंच असं होतंय. लोक म्हणतात, मीनाक्षीताई खंबीर आहेत. खंबीर कसली? मला काही जाणवतच नाही.

असो. विज्ञानाची बाई बोलायला उभी राहिली की प्रयोग आलाच. आज शाळेभोवती या इमारती दिसतात, तिथं मी नवीन लागले तेव्हा ज्वारीची रानं होती, आणि त्या वर्षीच्या दुष्काळात तीही उघडी पडली होती. पाणी टँकरचं. अशा उन्हाळ्यात मी रसवंतीवरून बर्फ आणला. एक तुकडा ताटलीत उघडा ठेवला, दुसरा आमच्या सेविका कडूबाईंच्या गोधडीत गुंडाळला. आधी कोणता वितळेल? अख्खा वर्ग म्हणाला, गोधडीतला. का? तर गोधडी गरम असते. कडूबाई तर चिडल्याच. "मॅडम, बर्फाला कुणी गोधडी घालतं व्हय? लई पाणी वाया चाललंय तुमचं."

मधल्या सुट्टीनंतर ताटलीत नुसतं पाणी होतं. देवगाव रंगारीहून आलेल्या प्रांजलीनं गोधडी सोडली. आतला तुकडा बराचसा शाबूत होता. ती बघतच राहिली. "मॅडम, मंग गोधडी गरम नसतीच का?"

नसते गं. ती आतलं आत ठेवते आणि बाहेरचं बाहेर, एवढंच तिचं काम. ताटलीतलं पाणी कडूबाईंनी फाटकाजवळच्या लिंबाला घातलं.

पुढे दर वर्षी हा प्रयोग केला. घरी गेले की हे विचारायचे, "यंदा कोण कोण फसलं?" सगळेच फसायचे.

हे गेले त्या दिवशी सकाळी यांचे पाय गार लागले. मी गोधडी घातली. मग आणखी एक घातली. आमचा चिन्मय म्हणाला, "आई, राहू दे आता." मी तिसरी शोधत होते. आयुष्यभर शिकवलं, आणि मीच फसले.

मघाशी ही शाल माझ्या खांद्यावर प्रांजलीनंच घातली. उद्यापासून माझा वर्ग तीच घेणार आहे. डिसेंबरची सकाळ, हॉलच्या खिडक्या उघड्या, आले तेव्हा माझी बोटं गारठलेली होती. आता शालीच्या आत हात ऊबदार झालेत.

मुलांनो, शाल गरम असते का?

नसते ना? मग ही ऊब कुठली?

मला वाटत होतं, माझ्यात काही उरलेलं नाही. उरलंय बहुतेक. आज रडू येतंय.

संस्थेचे, सहकाऱ्यांचे, कडूबाईंचे मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही कमी-जास्त बोलले असेन, तर मोठ्या मनानं माफ करा. आणि फोटोसाठी शाल काढायला सांगू नका. ती आज मी अशीच घरी नेणार आहे.