निळ्या काठाचा कप

मिसिसिपीतल्या आमच्या गावात शाळेतून एक जुनी कादंबरी काढायची की ठेवायची, यावर सभा होती. ती वाचलेले थोडे, काढायला आलेले पुष्कळ. बोलणाऱ्यांची नावं लिहायच्या रांगेत माझ्यापुढे शाळेची बस चालवणारे कृष्णवर्णीय ओडेल आणि त्यांच्यापुढे गोऱ्या वर्नाबाई.

"पुस्तक काढा म्हणणार का, वर्नाबाई?" ओडेलनी विचारलं.

"म्हणणारच. चांगल्या घरांची नुसती टिंगल आहे त्यात. म्हणे, बाई चर्चमध्ये प्रेमावर बोलते आणि घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवते."

"सगळं वाचलंत?"

"तेवढं पान पुरे झालं. असं इथे कुणाकडे नव्हतं, ओडेल."

"तुमच्या आजीकडे माझी आई अठरा वर्षं राबली."

"अरे, आमच्या घरातलीच होती ती. तुला ठाऊक नाही का?"

"सिंकखाली निळ्या काठाचा एक कप असायचा."

"तो होय? तो कुत्र्याचा. आजी आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाही."

"तुमच्याकडे कुत्रा कधी होता, बाई?"

कारकुनाने वही पुढे सरकवली. "बाई, तुमचं नाव? काढायच्या बाजूने ना?"

"थांबा जरा," वर्नाबाई म्हणाल्या. "आधी यांचं लिहा."