आगीची टाकी शेवटी

आमी मूळचे साताऱ्याकडचे. वडील गवंडी, जन्मभर लोकांची घरं उभी केली, आन त्यांचा पोरगा मी, नवी मुंबईत येऊन बिल्डिंगा बंद करतो. म्हातारा हसायचा, म्हणायचा मी बांधायचं आन तू मिटवायचं व्हय रे. तसं न्हाई ओ. कंपनी उठून गेली की रिकामी बिल्डिंग तशीच टाकता येत न्हाई. लिफ्ट खाली आणून कुलूप लावा, लाइट तोडा, एसीचे पाइप कापून काढा, टाक्या रिकाम्या करा, मंग चाव्या शेठच्या हातात. कशाच्या आधी काय करायचं हे ठरवणं म्हणजे माझं काम. आलो वायरमन म्हणून, बघत बघत हे शिकलो.

मी जरा उभ्यानं बोलतो, चालेल ना, एका जागी बसवतच न्हाई मला. बायको म्हणते पायाला भिंगरी हाय ह्यांच्या. पहिलं असं नव्हतं.

तर घणसोली. गावात हिराबाईच्या खोलीत भाड्यानं राहायचो आन पाच मिनटांवर ती चार मजली बिल्डिंग, त्या वर्षांत कंपन्या धडाधड उठत व्हत्या, त्यातलीच एक. माझी यादी पेन्सिलनं लिहिलेली, कायम खिशात. गच्चीवरची आगीची टाकी, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची, सगळ्यात शेवटी रिकामी करायची, कारण गॅसनं कटिंग चालू असतं, ठिणगी कुठं जाईल नेम न्हाई. काय सांगू तुमाला, हे मीच सगळ्यांना शिकवायचो.

त्या आठवड्यात गावात नळाला पाणी नव्हतं. हिराबाई आली, म्हणाली दादा, टाकीचं पानी तुमी गटारातच सोडनार ना, मंग कशाला फुकट घालवता, आमाला द्या. मी म्हटलं कटिंग दोन दिवसांचं राहिलंय, एवढ्यात काय व्हतंय. खालचा नळ सोडला, बायांनी हंडे लावले, गच्चीवरची टाकी कोरडी झाली. खोटं कशाला बोलू, बाया दादा दादा करत व्हत्या ते मला बरं वाटत व्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकर दुसऱ्या मजल्यावर पाइप कापत व्हता. शंकर माझा कटर, मराठवाड्यातला, लई हुशार हात. ठिणगी पाइपाभोवती गुंडाळलेल्या थर्माकोलमध्ये गेली, बघता बघता धूर. मी आगीचा होज खेचला, कॉक फिरवला, नुसती फुस्स हवा. तवा आठवलं मला, टाकी. तसाच आत घुसलो, त्याला बखोटीला धरून ओढला बाहेर. गावातून बाया हंडे घेऊन पळत आल्या, आग विझली. शंकर वाचला, पण उजवा हात भाजून गेला कामातून, बोटं सरळ व्हत न्हाईत.

शेठनं विचारलं पाणी का आलं न्हाई. मी म्हटलं व्हॉल्व गंजला व्हता. सगळ्यांनी मानलं. हिराबाईनं तेवढं माझ्याकडं बघितलं, आन हंडा उचलून घरी गेली.

आता शंकरचा नावड्याला एसटीडी बूथ हाय, पोरं शाळेत जातात. दर दिवाळीला फराळ घेऊन येतो, वाकतो, म्हणतो तुमी ओढून काढलं म्हणून जगलो दादा. मला लाज वाटते ओ, पाय मागं घेतो मी. औक्षवंत हो म्हणतो, ते मनापासून म्हणतो, आन सांगायचं राहून जातं. चार दिवाळ्या झाल्या. काम अजून तेच हाय, पण आता टाकी भरलेली हाय का ते बघायला दिवसातनं धा वेळा गच्चीवर चढतो, माणसं हसतात.

तुमी मघाशी म्हणाला हे छापून येणार. येऊ द्या. लिहा, व्हॉल्व गंजला नव्हता, टाकी मीच रिकामी केली. बूथवर बसून तो दिवसभर पेपर वाचत असतो, हातात पडेल त्याच्या. सुखात राहो तो, पोराबाळांसकट. यंदा दिवाळीला आला तर आला.